दर्शनी की मुदती? सत्ता बदलतानाची भाषणं कशी ऐकायची

रविवारी सकाळी इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही चार-पाच जण पोहे खायला जमतो. सप्टेंबर २०२५ मधल्या एका रविवारी सगळ्यांच्या मोबाइलवर काठमांडूच चालू होतं. ४ तारखेला नेपाळ सरकारनं २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला तरुण पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबारात माणसं गेली, ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. दोन दिवसांनी त्या बोलल्या, त्याचा सारांश असा: आम्ही सत्तेची चव घ्यायला आलेलो नाही, सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार नाही.

"सहा महिने!" आमचे काका पोह्यांवर जीरावन भुरभुरत म्हणाले. "अरे भिया, असं म्हणणारे मी किती पाहिले." मग थांबून त्यांनी विचारलं, "पण मला सांग, ही हुंडी दर्शनी की मुदती?"

काकांनी सगळी उमर सराफ्यात एका पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. लोकशाही संक्रमणातली भाषणं कशी वाचावीत यावर मी वर्षानुवर्षं मुलांना जे सांगत आलो, ते काकांनी एका प्रश्नात उरकलं. थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण लेखाला हुंडीच धरून ठेवतो, कारण इंदूरच्या माणसाला ती शिकवावी लागत नाही.

आधी शब्द समजून घेऊ

लोकशाही संक्रमण म्हणजे एका माणसाच्या, एका पक्षाच्या किंवा लष्कराच्या हातातून सत्ता निवडून आलेल्या सरकारकडे जाण्याचा काळ. हा काळ निवडणुकीच्या दिवशी सुरू होत नाही आणि त्या दिवशी संपतही नाही. भाडेकरूनं खोली सोडली, पण त्याचं कपाट अजून आत आहे, विजेचं बिल त्याच्याच नावावर येतंय आणि नवा भाडेकरू सामान घेऊन जिन्यात उभा आहे, असा तो प्रकार. पोलीस जुने, न्यायाधीश जुने, नोटा जुन्या, टीव्ही केंद्राचा संचालकही जुनाच.

या काळात भाषणाला एरवीपेक्षा जास्त वजन येतं. स्थिर देशात मंत्री काय बोलला याहून कायद्यात काय लिहिलंय हे महत्त्वाचं. संक्रमणात जुना कायदा कुणी मानत नाही आणि नवा लिहून झालेला नसतो. मधल्या दिवसांत लोकांच्या हाती असतो तो फक्त कुणीतरी दिलेला शब्द.

आता हुंडी. हुंडी म्हणजे व्यापाऱ्यानं लिहून दिलेली पैसे देण्याची चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे. मुदती हुंडीला ठरलेली मुदत भरावी लागते. तिसरी जोखमी हुंडी: माल सुखरूप पोचला तरच पैसे, जहाज बुडालं तर घेणाऱ्याचं नशीब. राजकीय स्वातंत्र्याचं वचन बरंचसं दर्शनी असतं. कैदी सोडा, पक्षबंदी उठवा, हे एका सहीनं होतं. दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष डी क्लर्क यांनी २ फेब्रुवारी १९९० ला संसदेत बंदी उठवल्याचं सांगितलं आणि नऊ दिवसांनी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कैदेनंतर बाहेर आले. अर्थकारणाचं वचन मात्र फार तर मुदती, आणि बहुतेक वेळा जोखमी. गोंधळ होतो तो नेता जोखमी हुंडी दर्शनी म्हणून खपवतो तेव्हा.

पडणाऱ्याचं भाषण

संक्रमणातली सगळी भाषणं नव्या नेत्यांची नसतात. उलट्या टोकाची दोन बघण्यासारखी आहेत.

२१ डिसेंबर १९८९, बुखारेस्ट. तिमिशोआरा शहरात उठाव झाला होता, माणसं मारली गेली होती. रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यानं सगळं ठाकठीक आहे हे दाखवायला राजधानीत सभा बोलावली. कारखान्यांतून माणसं आणून चौकात उभी केली, हातात फलक दिले आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण लावलं. सज्जातून तो नेहमीसारखं बोलायला लागला. थोड्या वेळात गर्दीतून विचित्र आवाज उठला, किंचाळ्या की हुर्यो ते कळेना. त्याचा उजवा हात वर गेला आणि तसाच राहिला. फोन कट झाल्यावर आपण करतो तसं तो माइकवर "आलो! आलो!", म्हणजे "हॅलो! हॅलो!", करत राहिला. प्रक्षेपण काही मिनिटं तोडलं. पुन्हा जोडलं तेव्हा हा गृहस्थ किमान पगारात २०० लेईंची वाढ जाहीर करत होता.

क्रम बघा. आधी राजकारणाचा धाक, तो चालला नाही म्हणून खिशाचं आमिष. आणि या सगळ्याच्या खाली, त्याच्या लक्षातही न आलेली तिसरी गोष्ट: देशभर लोकांनी घरात बसून त्याचा चेहरा पडताना पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरनं पळाला आणि टीव्ही केंद्र आंदोलकांच्या ताब्यात गेलं. २५ तारखेला त्याला गोळ्या घातल्या.

दुसरं भाषण ट्युनिशियाचं. १३ जानेवारी २०११ च्या रात्री २३ वर्षं राज्य केलेले बेन अली टीव्हीवर आले. एरवी ते जड, पुस्तकी अरबीत बोलत. त्या रात्री पहिल्यांदा घरच्या बोलीत उतरले, "मी तुम्हाला समजलो" म्हणाले. मग तीन वचनं दिली: २०१४ ची निवडणूक लढवणार नाही, साखर-दूध-पाव स्वस्त करतो, वर्तमानपत्रं आणि इंटरनेट मोकळं सोडतो. राजकारण, अर्थकारण, माध्यमं, तिन्ही एका दमात. दुसऱ्या दिवशी ते विमानानं सौदी अरेबियाला गेले.

मी वर्गात हे सांगतो तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "सर, वचनं तर चांगलीच होती की, मग लोकांनी का नाही मानली?" हुंडीत उत्तर सोपं आहे. पेढी बुडायला लागली की मालक सगळ्यांना हुंड्या लिहून देतो. सराफ्यातलं पोरही ती घेणार नाही. वचन काय आहे हे पाहण्याआधी, ते पाळायला हा माणूस जागेवर राहणार आहे का, हे लोक बघतात.

भाव वाढणार, हे कसं सांगायचं?

हा भाग जरा सावकाश घेऊ, कारण लोकांचा घात इथेच होतो.

साम्यवादी देशांत वस्तूंचे भाव सरकार ठरवायचं. पाव स्वस्त, दूध स्वस्त, पण दुकानात नसायचं. आपल्या वाडवडिलांनी रेशनच्या रॉकेलची रांग पाहिली आहे. डबा घेऊन पहाटे उभं राहायचं आणि नंबर येईपर्यंत टाकी संपायची. कागदावर रॉकेल स्वस्तच होतं. आता कल्पना करा की पाव, साबण, बूट, मांस, सगळंच असं आहे, आणि लोकांच्या हातात पगाराच्या नोटा साठल्यात ज्यांना घ्यायला काही नाही. अशा वेळी भाव मोकळे केले की सगळ्या नोटा एकदम थोड्या मालावर तुटून पडतात. माल दुकानात येतो हे खरं, पण भाव असा उडतो की म्हाताऱ्यांची आयुष्यभराची बचत महिन्याभराच्या किराण्यात जाते. सरकार खर्च भागवायला आणखी नोटा छापत राहिलं, तर भाव थांबतही नाहीत.

नव्या नेत्याला नेमकं हे लोकांना सांगायचं असतं. तीन देशांत तीन तऱ्हा झाल्या.

बोरिस येल्त्सिन यांनी २८ ऑक्टोबर १९९१ ला रशियाच्या लोकप्रतिनिधींसमोर सांगितलं की साधारण अर्धं वर्ष सगळ्यांनाच वाईट जाईल, मग भाव उतरतील आणि १९९२ च्या शरद ऋतूपर्यंत अर्थव्यवस्था स्थिरावेल. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक भाव मोकळे झाले. त्या वर्षी महागाई सुमारे २५०० टक्के झाली, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला एक रुबलची वस्तू वर्षअखेर सव्वीस रुबलच्या आसपास. ही जोखमी हुंडी होती आणि तिच्यावर मुदत लिहिली होती. आठ वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९९ ला पद सोडताना त्यांनी टीव्हीवर देशाची माफी मागितली. सोपं वाटलं ते फार अवघड निघालं, अशा अर्थाचं ते बोलले. ही दोन भाषणं मी मुलांना लागोपाठ वाचायला देतो, मधे काही न बोलता.

पोलंडमध्ये जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेनं सेनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. १२ सप्टेंबरला तादेउश माझोवियेत्स्की पंतप्रधान म्हणून संसदेत बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांना भोवळ आली. भाषण थांबवून त्यांना बाहेर न्यावं लागलं. परत आल्यावर ते म्हणाले, माझी अवस्था पोलंडच्या अर्थव्यवस्थेसारखी झाली होती, पण मी सावरलो, आणि अर्थव्यवस्थाही सावरेल. सभागृह हसलं. पुढे १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची कडक योजना लागू झाली आणि त्या एका जानेवारीत भाव ऐंशी टक्क्यांच्या आसपास चढले. मग महागाई वर्षागणिक उतरत गेली. पण बेकारी वाढली, आणि १९९० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझोवियेत्स्की तिसरे आले. लोकांनी औषध घेतलं आणि डॉक्टर बदलला.

अर्जेंटिनाच्या राउल आल्फोन्सिन यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. लष्करशाहीनंतर १९८३ मध्ये ते प्रचारात सांगत: लोकशाहीनं पोट भरतं, शिक्षण मिळतं, आजार बरा होतो. माणूस प्रामाणिक. राजकारणाची हुंडी त्यांनी वटवली, १९८५ मध्ये लष्करी राजवटीच्या प्रमुखांना नागरी न्यायालयासमोर उभं केलं, त्यात व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. पण पोटाचं वचन? १९८९ मध्ये महागाई हजारो टक्क्यांवर गेली, दुकानं लुटली गेली आणि मुदत संपण्याच्या पाच महिने आधी त्यांना सत्ता सोपवावी लागली. निवडणुकीनं सरकार बदलता येतं. गव्हाचा भाव ठरवणारी दहा कारणं मतपत्रिकेवर नसतात, परदेशी कर्ज तर नाहीच नाही, आणि अर्जेंटिनाच्या डोक्यावर ते लष्करानं चढवून ठेवलेलं होतं.

"मग खरं बोलावंच कशाला? खरं बोलणारा हरतो"

ही शंका रास्त आहे, आणि माझोवियेत्स्कींचं उदाहरण देऊन मीच ती पुरवली आहे.

पण १ जानेवारी १९९० चं प्रागमधलं भाषण घ्या. वात्स्लाव हावेल तीन दिवसांपूर्वी चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष झाले होते. नववर्षाच्या संदेशात अध्यक्षानं किती लाख टन पोलाद निघालं, सगळे कसे आनंदात आहेत, हे सांगायची चाळीस वर्षांची वहिवाट होती. हावेल यांनी तीच वहिवाट सुरुवातीला आठवून दिली आणि म्हणाले, मीही तुमच्याशी खोटं बोलावं म्हणून तुम्ही मला इथे बसवलं नसावं. आपला देश भरभराटीत नाही. पुढे आणखी अवघड गोष्ट बोलले: या व्यवस्थेचे आपण नुसते बळी नाही, आपण सगळ्यांनी मिळून तिला चालवलं आहे.

त्या संदेशात भाव कमी करण्याचं आमिष नव्हतं. पण उद्या नवं सरकार "त्रास होणार आहे" म्हणेल तेव्हा निदान ऐकून तरी घ्यावं, एवढी पत त्या दिवशी तयार झाली. काका याला पेढीची पत म्हणतात. पत असली की मुदत वाढवून मिळते, नसली की सावकार दुसऱ्याच दिवशी दारात.

वही कुणाकडे?

हुंडी लिहिली, दिली. पण मुदत भरल्यावर "असं मी बोललोच नव्हतो" म्हणाला तर? म्हणून वही लागते. संक्रमणात ती वही म्हणजे वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही आणि आता मोबाइल.

पोलंडमध्ये सॉलिडॅरिटीनं सरकारशी गोलमेज बोलणी केली तेव्हा निवडणुकीइतकाच आग्रह स्वतःच्या वर्तमानपत्रासाठी धरला. ८ मे १९८९ ला, मतदानाला महिना नसताना, 'गाझेता विबोर्चा' निघालं. नावाचा अर्थच 'निवडणूक पत्र'. चिलीत १९८८ मध्ये हुकूमशहा पिनोशे राहावा की जावा यावर कौल घेतला गेला. विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री पंधरा मिनिटं मिळाली, तीही उशिराची वेळ. ती सत्तावीस रात्री चालली. ५ ऑक्टोबरला सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. पंधरा मिनिटांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण पंधरा वर्षं एकाच बाजूनं लिहिलेल्या वहीत दुसऱ्या हाताचं अक्षर लोकांना दिसलं.

आपल्याकडेही वही काढून घेतल्याचा अनुभव आहे. २६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधींनी रेडिओवरून आणीबाणी सांगितली आणि घाबरण्याचं कारण नाही असंही सांगितलं. सेन्सॉर बसला. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. माझे वडील सांगत की त्या दिवसांत रामबागेतल्या घराघरांत रात्री बीबीसी हळू आवाजात लागायचं आणि खिडकी लावून घ्यायचे, उन्हाळ्यातसुद्धा. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुकीची घोषणा झाली तेव्हाही शेजारच्या आजोबांनी ती आधी आकाशवाणीवर ऐकली आणि मग खरी आहे का हे बघायला बीबीसी लावलं. वहीवरचा भरवसा एकदा गेला की खरी नोंदही लोक दुसरीकडे ताडून बघतात.

"माध्यमं मोकळी झाली की प्रश्न मिटला ना?"

नाही. सरकारी माणूस उठला आणि शेठजी बसला, असंही होतं. रशियात १९९६ च्या निवडणुकीत मोठ्या टीव्ही वाहिन्या मोकळ्या होत्या, पण त्यांच्यावर पकड असलेल्या धनाढ्यांना येल्त्सिनच हवे होते आणि पडद्यावर ते दिसत होतं. मंडेलांना हे आधीच ओळखता आलं होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये, निवडणुकीला दोन-अडीच महिने असताना, ते केप टाउनला जगभरच्या संपादकांपुढे बोलले. टीका करणारी, शोध घेणारी पत्रकारिता म्हणजे लोकशाहीचं रक्त, हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्याच्या पुढचं जास्त मोलाचं वाटतं: सरकारी अधिकाऱ्यांच्या गोडीगुलाबीला नकार देता येईल इतकं आर्थिक बळ वर्तमानपत्रांकडे हवं, आणि हितसंबंधीयांपासून पुरेशी मोकळीकही हवी. उद्या सत्तेत बसणारा माणूस स्वतःवर नजर ठेवणाऱ्यांच्या खिशाची काळजी करत होता. मोबाइलच्या जमान्यात या वहीत कुणीही काहीही खरडू शकतो, हा वेगळाच घोळ, त्यावर पुन्हा कधीतरी.

"भाषणानं का कुठे काही होतं?"

काकांची आवडती शंका. मी त्यांना पात्रिसियो आयल्विन यांची गोष्ट सांगितली. चिलीचे नवे अध्यक्ष १२ मार्च १९९० ला सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर बोलत होते. १९७३ मध्ये लष्करानं याच स्टेडियममध्ये माणसं कोंडून छळली होती. आयल्विन म्हणाले, सगळ्या चिलीवासीयांना एकत्र यायचं आहे, मग ते नागरी असोत की लष्करी. 'लष्करी' शब्द येताच हजारो लोकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. दुसरा कुणी असता तर पुढच्या वाक्यावर गेला असता. आयल्विन थांबले आणि आवाज चढवून पुन्हा तेच म्हणाले: होय, नागरी असोत की लष्करी, चिली एकच आहे. पिनोशे तेव्हाही सेनाप्रमुख होता. बंदुका अजून त्याच्याकडेच होत्या. लोकांना आवडेल ते बोलणं आणि लोकशाही टिकेल ते बोलणं यांतलं अंतर त्या पाच-दहा सेकंदांत मोजता येतं.

काका म्हणाले, "हे परदेशातलं झालं. आपलं काय?"

आपलं तर महूचं आहे, म्हटलं, इथून तासाभरावरचं. महूत जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत जे सांगितलं ते संक्रमणाचंच भाषण आहे. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार: राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. त्याच भाषणात राजकारणातली भक्ती अधोगतीकडे, शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असंही बजावलं. हुंडीच्या भाषेत बोलायचं तर एका हातानं दर्शनी हुंडी देताना त्यांनी दुसऱ्या हातानं मुदतीची आठवण लिहून दिली. स्वतःच्या विजयाच्या दिवशी असं करणारे मला फार सापडलेले नाहीत.

इंदूरचं संक्रमण तर त्याच्याही आधी सुरू झालं होतं. २८ मे १९४८ ला होळकर आणि शिंद्यांची राज्यं मध्य भारतात विलीन झाली. प्रजेचे नागरिक झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, असा तोडगा निघाला. काकांच्या वडिलांना त्यातलं काय आठवायचं, तर फायलींची गाठोडी घेऊन गाडीत चढणारे कारकून.

बरं, मग नेपाळचं काय?

तोवर जिलबी आली होती. काकांनी माझ्याकडून कार्कींचं वाक्य पुन्हा वाचून घेतलं. मग विचारलं, निवडणुकीची तारीख दिली आहे का? दिली आहे, ५ मार्च २०२६. शपथ कधी? १२ सप्टेंबर. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं, सप्टेंबरचे अठरा, ऑक्टोबरचे एकतीस, असं करत १७४ दिवसांवर आले.

"सहा महिने १२ मार्चला भरतात," काका म्हणाले. "मतदान ५ ला. मोजणी, नवी संसद, सोपवासोपवी, सगळं सात दिवसांत. मुदत लिहिली आहे, पण फार घट्ट लिहिली आहे."

"आणि जिन्नस महाग झाले तर?" मी विचारलं.

"ते तिनं लिहून दिलेलंच नाही. तिच्या नावावर कशाला टाकायचं?"

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नवं कालनिर्णय भिंतीवर जुन्याच्या मागे टांगलेलं होतं. काकूंनी मार्चचं पान उलटून दाखवलं. ५ तारखेभोवती पेनानं गोल होता, खाली बारीक अक्षरात 'नेपाळ'. १२ च्या चौकोनात त्यांनी पेढीवर करायचे तशी एक तिरकी रेघ मारून पुढची जागा मोकळी ठेवली होती.